न्हाव्याच्या फ्रीजमधली डबी

मुनहोने पर्सिमनची पेटी परत केली, त्या दिवशी इनप्योच्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली.

दर डिसेंबरात इनप्योचा मेहुणा गावाकडून वाळवलेल्या पर्सिमनच्या दोन पेट्या पाठवी, आणि त्यातली एक मुनहोच्या केशकर्तनालयात पोचती होई. वीस वर्षांचा रिवाज होता हा. मुनहो एका बैठकीला सहा फळं फस्त करायचा, बोटं चाटायचा आणि टॉवेलला पुसल्यासारखं करून पुन्हा गिऱ्हाइकाच्या डोक्याला हात घालायचा. यंदा त्याने झाकण उघडलं, वास घेतला आणि झाकण लावून पेटी इनप्योच्या मांडीवर ठेवली.

"घेऊन जा. वहिनींना दे."

"का रे? दात पडले का?"

"गोड कमी केलंय."

"कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? वय झालं." मुनहोने कात्री उचलली. "मान खाली घाल."

इनप्योने मान खाली घातली, पण डोकं कामाला लागलं. तो तीस वर्षं महामार्गावरच्या वजनकाट्यावर नोकरीला होता. 'गाडी रिकामीच आहे साहेब' म्हणणारे हजारो ट्रकवाले त्याने पाहिले होते, आणि टायर किती दबलाय एवढ्यावरून तो केबिनमध्ये बसल्या बसल्या आतला माल सांगत असे. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी समोरचा माणूस काहीतरी लपवून नेतोय हा त्याचा समज काही निवृत्त झाला नव्हता. भर डिसेंबरात, बाहेर तळं गोठायला आलेलं असताना, गोड कोण कमी करतं? ज्याचा डोळा मार्चवर आहे तो.

मार्चच्या तिसऱ्या रविवारी बोमने सायकल मंडळाचा मोसम सुरू होई. चुनचॉन शहराच्या उत्तरेला बेहुर्यंगचा जुना घाट आहे. बोगदा झाल्यापासून मोटारी डोंगराच्या पोटातून जातात आणि वरचा वळणावळणाचा रस्ता सायकलवाल्यांना जणू आंदण मिळाला आहे. पायथ्याशी पूजा करायची आणि घाट चढायचा. त्या दिवशी पंचावन्नच्या पुढच्यांपैकी जो आधी माथ्यावर पोचेल, तो वर्षभर मंडळाच्या आघाडीला. आघाडीचा गडी म्हाताराच हवा, कारण तरुण पुढे राहिला की मागच्यांची हवा निघते आणि रांग तुटते. या गड्याला एक पिवळी बंडी मिळे. ती गेली अकरा वर्षं इनप्योच्या अंगावर होती. बंडी तशी कवडीमोलाची, पण ती गेली तर ज्याच्या मागून दर रविवारी चाळीस माणसं येतात तो इनप्यो संपणार होता. मग उरणार होता तो बायकोच्या मागून भाजीची पिशवी घेऊन चालणारा.

पंचावन्नपुढचे मंडळात पाचच. एकाचा गुडघा बदललेला, एक मुलाकडे बुसानला राहायला गेलेला आणि एक फक्त जेवणापुरता उगवणारा. उरले इनप्यो आणि मुनहो. दोघे एका वर्षीचे, एकोणसत्तर वर्षांचे. अकरा वर्षं इनप्यो पहिला येत होता आणि अकरा वर्षं मुनहो दुसरा.

ऑक्टोबरात तर मुनहो दुसरा येण्याच्याही लायकीचा राहिला नव्हता. तळ्याकाठच्या सपाट रस्त्यावर मागे पडे, पुलाच्या चढावर उतरून सायकल ढकले, ओठ पांढरेफटक. इनप्योला वाईट वाटलं होतं. खरं सांगायचं तर वाईट वाटून झाल्यावर, घरी जाता जाता, थोडं हलकंही वाटलं होतं.

आणि आता हा म्हणे गोड कमी करतोय.

इनप्योचा स्वतःचा हिवाळा काही कमी कडक नव्हता. या वयात एक महिना बसलं की पाय दोन महिन्यांचं वैर धरतात, हे तो जाणून होता. पहाटे उठून तो खालून तापवलेल्या फरशीवर उताणा पडे आणि गुडघे शेकून घेई. मग कंबर, मग पोटऱ्या, मग बाल्कनीत किमचीचा फ्रीज आणि कपड्यांचं वाळवण यांच्या मधोमध ठेवलेल्या रोलरवर चाळीस मिनिटं जागच्या जागी सायकल. पण जानेवारीत खालच्या मजल्यावरची बाई वर आली आणि हात जोडून म्हणाली, "काका, रोज सहा वाजता आमच्या छतावर गिरणी सुरू होते. बाळ उठतं हो." त्या दिवसापासून रोलर बंद आणि जिना सुरू. पंधरा मजले पायी वर, उतरताना लिफ्ट, कारण गुडघ्यांचा नाश होतो तो उतरताना. असं चार वेळा.

त्याची बायको वोलसुन दारात उभी राहून बघे. "सत्तरी आली. लोक या वयात देवळात जाऊन बसतात, तुम्ही जिन्यात संसार मांडलाय."

"तुला नाही कळायचं."

"कळतंय की. त्या बिचाऱ्या न्हाव्याच्या भीतीने चाललंय हे सगळं. परवा ओकबुनला सांगितलं मी, खूप हसली."

ओकबुन म्हणजे मुनहोची बायको. इनप्योचं तोंड कडू झालं. मंडळात कुणी विचारलं की हिवाळ्यात काय करतोस, तर तो ठरलेलं उत्तर देई, "काही नाही बाबा, झोपा काढतो." सगळेच हे उत्तर देत. सायकलवाल्यांत हिवाळ्यातलं खरं बोलायची पद्धतच नाही. जो म्हणतो अंग धरलंय, सायकलला हात लावला नाही, तो रोज घाम गाळत असतो असं खुशाल समजावं. त्यामुळे मुनहोला विचारल्यावर तो जेव्हा म्हणाला, "मी? मी काय करणार. दुकानात बसतो," तेव्हा इनप्योने मनातल्या मनात रोजचे दोन तास त्याच्या नावावर मांडून टाकले.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी ऊन पडलं म्हणून दहा-बारा जण तळ्याला फेरी मारायला निघाले. पुलाचा चढ आला. ऑक्टोबरात ज्या चढावर मुनहो उतरून चालला होता, त्याच चढावर तो इनप्योच्या शेजारून गप्पा मारत वर गेला. धाप नाही, थांबणं नाही. गालांवर लाली. थंडीची लाली कशी असते ते इनप्योला माहीत होतं. ही आतून आलेली होती.

"काय खातोस रे?" इनप्योने विचारलं.

"भात."

"भात मीही खातो."

"मग तू जास्त खात असशील," मुनहो म्हणाला आणि हसला.

वर थांबल्यावर इनप्योने खिशातून केळं काढून पुढे केलं. हा माणूस एकेकाळी एका फेरीत तीन केळी खायचा, सालं इनप्योच्या पाठीवरच्या खिशात कोंबायचा. आता त्याने नुसती मान हलवली. बाटलीतलं पाणीसुद्धा त्याने घोट मोजून प्यावं तसं प्यायलं. केळं नाही, पाणी नाही, आणि तरी अंगात हे बळ. कुठेतरी पाणी मुरत होतं.

त्यात हमामखान्याची भर पडली. वीस वर्षं दर शनिवारी दोघे गरम पाण्याच्या हौदात बसत आणि मग एकमेकांची पाठ खरखरीत कापडाने घासून देत. माणसाच्या पाठीवर हात फिरवला की तो किती वाळलाय, किती सुटलाय, सगळं कळतं, हे इनप्योचं मोजमाप होतं. डिसेंबरापासून मुनहो तिकडे फिरकला नव्हता. आधी म्हणाला सर्दी झालीय. मग म्हणाला घरीच अंघोळ करतो. मग काही म्हणायचंच बंद झाला. इनप्यो एकटा हौदात बसून स्वतःची पाठ हात पोचेल तेवढी घासत विचार करू लागला, की नागड्या अंगावर असं काय आहे जे हा मला दाखवायला तयार नाही?

त्याचं उत्तर त्याला फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी मिळालं. निदान त्याला तसं वाटलं.

महिन्याच्या पहिल्या सोमवारी इनप्यो केस कापायला जाई. दुकानाच्या कोपऱ्यात गुडघ्याएवढा फ्रीज होता, त्यात गिऱ्हाइकांसाठी दह्याच्या पेयाच्या इवल्या बाटल्या असत. इनप्यो गिऱ्हाईक नव्हता, घरचा होता. तो आला की आपल्या हाताने बाटली काढून घेई. त्या दिवशीही तो वाकला, तर मुनहो एका म्हाताऱ्याच्या दाढीचा फेस तसाच सोडून लगबगीने आला.

"थांब, मी देतो."

"मला हात आहेत."

"बस तू. मी देतो म्हटलं ना."

त्याने स्वतः बाटली काढून दिली आणि फ्रीजचं दार पायाने लोटलं. इनप्यो बसला. बाटली प्यायला. वर्तमानपत्र उघडून त्याच्या आडून पाहत राहिला. म्हाताऱ्याचं डोकं धुवायला मुनहो पडद्यामागे गेला, नळाचा आवाज सुरू झाला, आणि इनप्यो मांजराच्या पावलाने फ्रीजपाशी गेला.

बाटल्यांच्या मागे एक पांढरी डबी होती. आत औषध भरून तयार असलेल्या चार बारीक सुया. डबीवर लिहिलेलं नाव इनप्योने एकदा वाचलं, मग चष्मा वर करून पुन्हा वाचलं. एपोएटिन.

दुसऱ्या कुणाला त्या नावातून काही बोध झाला नसता. वोलसुनला नसता झाला, त्या फेसवाल्या म्हाताऱ्यालाही नसता झाला. पण जो माणूस तीस वर्षं युरोपातल्या सायकल शर्यती पाहत आला आहे, त्याला ते नाव आपल्या मुलांच्या नावांइतकं पाठ असतं. ईपीओ. याच सुईने रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवून लोक डोंगर पळत चढले होते, बक्षिसं घेऊन रडले होते आणि पुढे पकडले जाऊन पुन्हा रडले होते. इनप्यो तेव्हा त्यांच्या नावाने टीव्हीसमोर थुंकला होता. शेजारी बसून मुनहोही थुंकला होता.

नळाचा आवाज थांबला. इनप्यो परत खुर्चीत येऊन बसला. मुनहोने त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं, आणि वस्तरा मानेवरून फिरत असताना इनप्योला जे वाटलं ते रागापेक्षा वेगळं होतं. त्याला रडू येत होतं. एका पिवळ्या बंडीसाठी? माझ्यासमोर? माझ्याशी?

"गप्प गप्प आहेस आज," मुनहो म्हणाला.

"थंडी."

सरळ विचारावं असं त्याच्या मनात आलंच नाही. विचारलं तर तो नाही म्हणणार, म्हणजे एका गुन्ह्याचे दोन होणार. वजनकाट्यावर तो ट्रकवाल्याला कधी विचारत नसे. त्याने फ्रीजचा विषय काढला नाही, हमामखान्याचा काढला नाही, आणि जिन्याच्या फेऱ्या चाराच्या सहा केल्या.

मंडळाच्या अध्यक्षबाई मीसन यांचं कुट्टूच्या शेवयांचं हॉटेल होतं. इनप्यो दुपारची गर्दी ओसरल्यावर तिथे गेला आणि वाडग्यात चमचा फिरवत म्हणाला, "मंडळात कुणी औषध घेऊन चढत असेल तर नियम काय?"

मीसन टेबल पुसत होती. "कसलं औषध, दादा? अर्ध्या मंडळाला रक्तदाबाच्या गोळ्या आहेत."

"तसलं नाही. बळ वाढवायचं."

"जिन्सेंग?"

"सुई."

ती हसली. "दादा, आपण शेवया खायला जमणारी माणसं. आपल्यात कोण सुया टोचून घेतंय? आणि कुणावर संशय असेल तर विचारा की त्याला सरळ."

"चोराला विचारून चोरी कळते का?"

"आपल्या माणसाला विचारून कळते," मीसन म्हणाली आणि दुसऱ्या टेबलाकडे वळली.

इनप्योला वाटलं, हिलाही सामील करून घेतलेलं दिसतंय.

मार्चचा तिसरा रविवार उजाडला. घाटाच्या पायथ्याशी चाळीस सायकली ओळीने उभ्या केलेल्या, समोर सतरंजी, त्यावर उकडलेलं डुकराचं मुंडकं, तांदळाच्या वड्या, फळं आणि माक्कोली या तांदळाच्या दारूच्या बाटल्या. मुंडकं मीसनने हसऱ्या चेहऱ्याचं निवडून आणलं होतं, कारण मुंडकं हसरं असलं की वर्ष बरं जातं. पूजेचा मजकूर वाचायचा मान आघाडीच्या गड्याचा. तो मजकूर जुन्या भाषेत हाताने लिहायचा, डोंगराच्या देवापुढे मोठ्याने वाचायचा आणि मग जाळायचा. धूर वर गेला की अर्ज पोचला. पोचलेला अर्ज परत घेता येत नाही.

इनप्योने गुडघे टेकून कागद उलगडला.

"हे बेहुर्यंगच्या स्वामी, आम्ही बोमने मंडळाची लेकरं तुझ्या पायाशी आलो आहोत. आमची चाकं घसरू देऊ नकोस. आमचे ब्रेक निकामी होऊ देऊ नकोस. आंधळ्या वळणावर आमच्यासमोर ट्रक आणू नकोस." इथपर्यंत दरवर्षीचं होतं. इनप्योने घसा साफ केला. "आणि आमच्यात जो कुणी स्वतःच्या नव्हे, सुईतून आलेल्या बळावर तुझ्या अंगावर चढत असेल, त्याला तू ओळख. तो उतरत असताना त्याला अंगावरून झटकून टाक."

मग मागून कुणीतरी म्हणालं, "दादा, मी परवाच गुडघ्यात सुया टोचून घेतल्या वैद्याकडून. मला पण झटकणार का तो?" आणि हशा पिकला. इनप्यो हसला नाही. त्याने कागद पेटवला. राख थंड हवेत वर गेली.

मुनहोही हसला नव्हता. तो इनप्योकडे पाहत होता, अगदी शांतपणे, आरशातून गिऱ्हाइकाकडे पाहावं तसा. मग तो पुढे आला, डोंगराला वाकून नमस्कार घातला, प्रसादाचा माक्कोलीचा पेला ओठांना लावला आणि न पिता जमिनीवर ओतला. प्यायलासुद्धा नाही, इनप्योने नोंद केली. देवापुढेही लबाडी.

म्हाताऱ्यांना पंधरा मिनिटं आधी सोडत. दोघेच निघाले.

पहिल्या वळणापासून इनप्योने जीव पणाला लावला. सहा-सहा फेऱ्यांचा जिना त्याच्या मांड्यांत होता. सावलीच्या कडेला अजून बर्फ साचलेला, श्वासाची वाफ चष्म्यावर, आणि मागे सतत मुनहोच्या साखळीची बारीक करकर. चौथं वळण गेलं, करकर तिथेच. सहावं गेलं. इनप्यो उभा राहून पेडल मारू लागला. करकर तिथेच. सातव्या वळणावर त्याच्या मांड्या विस्तवासारख्या झाल्या आणि मुनहो शेजारी आला. त्याचा चेहरा घामाने निथळत होता, तोंड उघडं होतं.

"येतोस?" त्याने विचारलं.

मुनहो पुढे गेला, एक सायकल, दोन सायकली, मग वळणाआड. अकरा वर्षांत पहिल्यांदा इनप्योच्या समोर या रस्त्यावर कुणाची तरी पाठ होती. बंडी गेली हे त्याला तिथेच कळलं. आणि चोरीला गेली असंच त्याला वाटलं.

तो माथ्यावर पोचला तेव्हा मुनहो रस्त्याच्या कठड्यावर बसला होता. इनप्योने सायकल आडवी टाकली.

"बाही वर कर," तो म्हणाला.

"दम तर खा."

"बाही वर कर. सुया कुठे टोचतोस ते बघू दे. तुझ्या फ्रीजमधली डबी मी पाहिली आहे."

"माहीत आहे. दार नीट लावलं नव्हतंस तू. रात्रभर दही नासलं माझं." मुनहोने डाव्या हाताची बाही कोपरापर्यंत ओढली. मनगटाच्या वर बोटभर लांबीचा व्रण होता, अजून लालसर, आणि त्याच्या वरची शीर दोरासारखी फुगलेली. "हात ठेव."

"काय आहे हे?"

"ठेव तर."

इनप्योने बोटं ठेवली. कातडीखाली काहीतरी घुरघुरत होतं, झोपलेल्या मांजराच्या पोटावर हात ठेवल्यासारखं. त्याने हात झटकन मागे घेतला.

"डिसेंबरात जोडून दिलीय," मुनहो म्हणाला. "शीर धमनीला जोडायची म्हणजे ती फुगते. मशीनला लावायला जाड शीर लागते. एप्रिलपासून सोमवार, बुधवार, शुक्रवार, चार-चार तास."

"कसलं मशीन?"

"रक्त धुवायचं. मूत्रपिंडं गेली माझी, इनप्यो. दोन्ही."

वारा होता. खालच्या वळणांवरून अजून कुणाचा आवाज येत नव्हता. इनप्यो त्याच्या समोर उभा राहिला, हेल्मेट डोक्यावर तसंच.

"ती गेली की अंगात रक्त बनत नाही," मुनहो सांगत होता, केस किती ठेवू विचारताना बोलायचा त्याच आवाजात. "ऑक्टोबरात हिमोग्लोबिन सातवर आलं होतं माझं. पुलावर चाललो नव्हतो का? मग ही सुई दिली. घरी नात फ्रीज उघडते म्हणून दुकानात ठेवतो. आता अकरा आहे. अकराच्या फार वर डॉक्टर जाऊ देत नाहीत. तुझं किती असतं?"

इनप्यो दरवर्षी तपासणीचा कागद दुकानात आणून आरशाला अडकवत असे. आकडा त्याला पाठ होता.

"पंधरा," तो म्हणाला.

"पंधरा," मुनहो म्हणाला. "आणि चोर मी."

इनप्यो कठड्यावर त्याच्या शेजारी बसला. "आणि पर्सिमन?"

"पर्सिमन, केळं, संत्री, सगळं विष आता. हृदय बंद पडतं म्हणे. पाणीसुद्धा मापात."

आपणच केळं पुढे केलं होतं हे इनप्योला आठवलं. "मला का नाही सांगितलंस? वीस वर्षं तुझी पाठ घासली मी."

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस? चढावर हळू झाला असतास. सारखं मागे वळून पाहिलं असतंस. घरी तेच चालू आहे. मी पाणी प्यायला उठलो तरी ओकबुन उठते, मुलगा फोन करतो, सून रडते. सगळ्यांनी मला आत्ताच पलंगावर झोपवलंय." मुनहोने बाही खाली केली. "या अख्ख्या शहरात एकच माणूस होता जो मला पाहून घाबरत होता. वहिनींनी ओकबुनला सांगितलं, हा माणूस तुझ्या नवऱ्याच्या भीतीने पंधरा-पंधरा मजले चढतोय. त्या रात्री मला इतकी छान झोप लागली. तू वर्तमानपत्राआडून बघायचास ना, मला सगळं दिसायचं. मी न्हावी आहे, चारी बाजूंना आरसे आहेत माझ्याकडे."

"मला वाटलं तू लबाडी करतोयस."

"वाटू दे ना. लबाड माणूस धडधाकट असतो."

इनप्योच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्याने ते लपवलं नाही. मग त्याला एकदम खालचा कागद आठवला, धूर आठवला, आणि पाणी जागच्या जागी थांबलं.

"मुनहो, ते मी वाचलं..."

"हो," मुनहो म्हणाला. या वेळी त्याचा आवाज वेगळा होता. "बाकी सगळ्याचं मला हसू आलं. त्याचं नाही आलं. मी उभा होतो तिथे, आणि तू देवाला सांगितलंस की याला उतरताना टाक."

इनप्यो उठला. रस्त्याच्या मधोमध, डोंगराकडे तोंड करून, त्याने खिळ्यांच्या बुटांनिशी गुडघे टेकले आणि कपाळ डांबराला लावलं. जुनी भाषा त्याला आठवेना, साध्याच भाषेत तो बोलला. "मी चुकलो. मला माहीत नव्हतं, आणि मी विचारलं नाही. जे मागितलं ते माझ्यावर येऊ दे. याला नको."

"ऊठ," मागून मुनहो म्हणाला. "गुडघे सांभाळ. चांगले गुडघे आहेत, पंधरा मजल्यांचे."

इनप्यो उठला. त्याने बंडीची चेन उघडली, अंगातून काढली आणि मुनहोच्या अंगावर चढवली. डावा हात बंडीत घालताना तो इतका हळू झाला की मुनहोने वैतागून स्वतःच हात घुसवला.

"हेच. हेच नको होतं मला."

"बरं."

"पोरं येतील आता. त्यांना काही सांगायचं नाही. एप्रिलनंतर पडेन मागे, तर पडेन. पण तू मुद्दाम हळू झालास तर डोकं अर्धंच भादरून घरी पाठवीन तुला."

खालून पहिल्या सायकलींचे आवाज वर येऊ लागले, कुणीतरी शिट्टी वाजवत होतं. मुनहोने सायकल उतरणीकडे वळवली. आघाडीचा गडी पुढे, हा नियम.

"एक विचारू?" इनप्यो म्हणाला.

"आता विचारायला शिकलास का? विचार."

"सातव्या वळणावर तू 'येतोस?' म्हणालास. तेव्हा तू पुरा जोर लावला होतास, की माझ्यासाठी थांबला होतास?"

मुनहोने हेल्मेटचा पट्टा आवळला. "तुला काय वाटतं?"

"मला तुझा काडीचा भरवसा नाही."

"नसूच दे," मुनहो म्हणाला आणि उताराला लागला.

इनप्यो लगोलग त्याच्या मागे निघाला. दोन्ही ब्रेकवर बोटं ठेवून तो घाट उतरला, आणि पायथा येईपर्यंत त्याने मुनहोच्या मागच्या चाकावरून नजर हलवली नाही.